बिलेट गरमागरम मिलला लावायचंय? आधी घड्याळ आणि मोल्ड बघा

प्रश्न सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतल्या एका मिलच्या शिफ्ट इनचार्जचा आहे. तो थोडक्यात असा: १२ टनांच्या दोन इंडक्शन (विजेवर भंगार वितळवणाऱ्या) भट्ट्या, ४ मीटर रेडियसचं दोन स्ट्रँडचं सीसीएम (मोल्ड म्हणजे तांब्याच्या साच्यातून रसाची सलग कांब काढणारं मशीन; एक कांब म्हणजे एक स्ट्रँड), बिलेट (त्या कांबीचा कापलेला तुकडा) १०० बाय १०० मिमी आणि लांबी ६ मीटर. शेजारी बिलेट लाटणारी ताशी १५ टनांची मिल. रफिंगला (पहिल्या जाड लाटणीला) थ्री-हाय, म्हणजे एकावर एक तीन रोलांचं स्टँड, पुढे सलग स्टँड. एरवी माल टीएमटी (पाण्याने कडक केलेल्या बांधकामाच्या सळया), द्राक्षबागांच्या मांडवाचा हंगाम आला की अँगल. मालकांना रिहीटिंग फर्नेसच्या (बिलेट पुन्हा तापवणाऱ्या भट्टीच्या) तेलाचा खर्च नको आहे, म्हणून काही हीट (भट्टीचे घाणे) थेट शिअरवरून (बिलेट कापणाऱ्या कात्रीवरून) रफिंगला लावून बघितल्या. झालं असं की बिलेटाचं तोंड फाटलं, तिसऱ्या पासला (रोलमधल्या फेरीला) कॉबल झाले (माल अडकून बाहेर उसळला), काही बिलेटं शंकरपाळ्यासारखी तिरकी निघाली आणि एकाच बंडलातल्या सळयांचं इलाँगेशन (तुटेपर्यंत ताणलं जाणं) कुठे १९ तर कुठे १३ टक्के आलं. विचारणा अशी की बिलेट किती तापमानाला लावावं, आणि इंडक्शन हीटर घेतला तर हे सगळं सुटेल का.

हीटरने यातलं एकच दुखणं कमी होईल, तेही अर्धवट. रिहीटिंग फर्नेस बिलेट तापवते ते सगळ्यांना दिसतं. पण तिची आणखी दोन कामं असतात: कास्टिंग आणि रोलिंग यांच्यातला वेळेचा फरक ती पोटात घेते, आणि बिलेट कूलिंग बेडवर थंड होऊन आत जाईपर्यंत तिरकं, फाटकं, भोकाचं बिलेट बाजूला काढायला तुम्हाला संधी देते. फर्नेस वगळली की ही दोन्ही कामं सीसीएमवर येतात. म्हणून तापमानाआधी वेळेचा हिशेब मांडू.

१०० चौरस बिलेटाचं वजन मीटरला ७८.५ किलो धरा. कोपऱ्यांची गोलाई वजा जाता ६ मीटरचं बिलेट ४६५ किलोच्या आसपास भरतं. स्ट्रँडचा वेग मिनिटाला ३ मीटर असेल तर दर दोन मिनिटांनी एक बिलेट, म्हणजे एका स्ट्रँडवर ताशी साधारण १४ टन. दोन्ही स्ट्रँड चालले की २८ टन. तुमची मिल १५ टनांची, म्हणजे एक बिलेट ओढायला तिला ११२ सेकंद लागतात. एक स्ट्रँड आणि एक मिल यांचं गणित जवळजवळ तंतोतंत जुळतं, दोन स्ट्रँडचं कधीच जुळणार नाही. तुम्ही दोन्ही स्ट्रँडचा माल थेट लावायला गेलात, तेव्हा दुसऱ्या स्ट्रँडचं प्रत्येक बिलेट टेबलावर वाट बघत उभं राहिलं. तोंड फाटण्याचं आणि कॉबलचं निम्मं कारण तिथेच आहे.

मग एकाच स्ट्रँडवर ओतावं, असं कोणी सुचवेल. १२ टनांची हीट एका स्ट्रँडवर ५० मिनिटं चालते. इतक्या लहान लॅडलमधला (रस वाहून नेणाऱ्या बादलीतला) रस मिनिटाला दीड-दोन अंश गमावतो, म्हणजे शेवटापर्यंत ७५ ते १०० अंश. लॅडलमधला रस तापवणारी लॅडल फर्नेस नसताना तेवढं तापमान आधीच चढवून ठेवायचं तर पहिल्या बिलेटांना ब्रेकआउट (कवच फुटून रस बाहेर येणं) ठरलेला. दोन स्ट्रँडवर तीच हीट २५ मिनिटांत संपते. तेव्हा दोन्ही स्ट्रँड चालूच ठेवा, फक्त वाटणी करा: मिलच्या रेषेतला स्ट्रँड थेट रफिंगला, दुसऱ्या स्ट्रँडची बिलेटं ६५०-७०० अंशांना रिहीटिंग फर्नेसमध्ये. दोन भट्ट्यांतून तासाला एक हीट मिळते असं धरलं तर ६ टन थेट २५ मिनिटांत लाटून होतात आणि उरलेले ६ टन फर्नेसमधून पुढच्या २४-२५ मिनिटांत. तासातली दहा मिनिटं गाईड बदलायला, पास तपासायला उरतात.

तेलाचंही बघा. थंड बिलेट तापवायला अशा मिलांमध्ये टनामागे ४० लिटरच्या आसपास फर्नेस ऑइल जातं. थेट गेलेल्या मालाचं सगळं वाचतं. ७०० अंशांना आत गेलेल्या मालात लागणाऱ्या उष्णतेपैकी निम्म्याहून जास्त उष्णता आधीच असते. फर्नेसच्या भिंती, दारं, धूर यांतली गळती तशीच राहते म्हणून बचत तेवढी दिसत नाही, पण तिसरा हिस्सा तरी वाचायला हवा. वर स्केलमध्ये (पृष्ठभागावरून जळून सुटणाऱ्या पापुद्र्यात) जाणारा दीड-दोन टक्के माल थेट रोलिंगला निम्म्याखाली येतो. मालकांना तेलापेक्षा हा आकडा आधी दाखवा. एक काळजी घ्या: पुशर फर्नेसमध्ये (जिथे बिलेटं रांगेने पुढे ढकलली जातात) थंड आणि गरम बिलेटं मिसळून लावू नका. थंडाला तापायला वेळ द्यावा तर शेजारचं गरम बिलेट जळतं, गरमाच्या वेळेवर ढकलावं तर थंडाचा गाभा कच्चा राहतो. गरमांचा गट वेगळा, थंडांचा वेगळा, आणि दोन्हींच्या मध्ये ढकलायची गती बदला.

८ आणि १० मिमीच्या दिवशी थेट रोलिंगचा नाद सोडा. त्या साईजला मिलचं टनेज पडतं आणि स्ट्रँडशी मेळ राहत नाही. १२, १६, २० मिमी थेटला घ्या.

आता तापमान. रफिंगला बिलेट ९५० अंशांना तरी पोचायला हवं. हजार अंशांचं १०० मिमी बिलेट उघड्यावर ठेवलं तर सगळ्या जाडीची सरासरी धरून सेकंदाला साधारण एक अंश उतरतं. १२५ मिमीचं थोडं सावकाश, ०.८ अंशाने. आत ताज्या गोठलेल्या गाभ्याची उष्णता बाहेर येत असते, म्हणून सुरुवातीला पृष्ठभाग तेवढा पडलेला दिसत नाही. कोपरे मात्र भराभर काळवंडतात. या हिशेबाने शिअरपासून पहिल्या पासपर्यंत तुमच्याकडे ६० सेकंद आहेत, फार तर ७५. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की रात्रपाळीतून ‘थंडीमुळे बिलेट पडतंय’ अशी तक्रार येते. हजार अंशांवर बहुतेक उष्णता किरणांनी जाते, आणि हवा १० अंशांची आहे की ४० ची याने त्यात नगण्य फरक पडतो. हिवाळ्यात बिलेट थंड पडत असेल तर टेबलाच्या रोलरवर सोडलेलं पाणी, वाकडा स्टॉपर किंवा रफिंगवाल्याने ‘थांब’ म्हणून केलेली खूण, यांपैकी काहीतरी शोधा. रोलरचं बाहेरून मारलेलं पाणी बिलेटावर उडत असेल तर तिथे काळे पट्टे दिसतील. प्रत्येक पट्टा पुढे सळईत एक कडक जागा होतो.

यापेक्षा महत्त्वाची, आणि सहसा कोणी न मोजणारी गोष्ट म्हणजे बिलेटाच्या दोन टोकांतला फरक. मिनिटाला ३ मीटर वेगाने ६ मीटर बिलेट निघायला दोन मिनिटं लागतात. शेपूट शिअरखाली येतं तेव्हा तोंड दोन मिनिटं उघड्यावर आलेलं असतं. म्हणजे कापल्याच क्षणी तोंड शेपटापेक्षा ८० ते १०० अंशांनी थंड. सगळे स्टँड एका ओळीत असलेल्या सलग मिलमध्ये शेपूट आत शिरेपर्यंत दीड-पावणेदोन मिनिटं जातात, त्यात हा फरक आपोआप बराच मिटतो. तुमच्या थ्री-हायमध्ये सहा मीटर बिलेट तीन-चार सेकंदांत आरपार जातं, म्हणून फरक तसाच पुढे सरकतो आणि शेवटी सळईवर पाणी मारणाऱ्या क्वेंचिंग बॉक्सपर्यंत पोचतो. एकाच बंडलातलं १९ आणि १३ टक्के इलाँगेशन बहुतांशी इथून आलेलं आहे.

यावर स्वस्त उपाय म्हणजे झाकण. शिअरनंतरच्या सहा-सात मीटर टेबलावर बिजागरीचा पत्र्याचा हूड, आतून ५० मिमी सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट. बाजूने रोलरचे बेअरिंग हाऊसिंग बाहेर राहतील असा बनवा, नाहीतर महिन्याभरात बेअरिंगं बसतील. नाशिकच्या अंबड-सातपूरला फॅब्रिकेशनवाले हे काम आठवड्यात करून देतात. बिलेट ३ मीटरचं कापलं तर फरक निम्मा होतो, पण एंड कटिंग दुप्पट होतं. मी ते करणार नाही.

बिलेट गरम हवं म्हणून सीसीएमचा वेग वाढवायचा मोह होतो. तुमच्या मशीनवर हे जपून. गोठलेल्या कवचाची जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. मिनिटात वेळ मोजला तर गुणक २८ मिमीच्या आसपास धरा. १०० मिमी बिलेटाच्या मध्यापर्यंत ५० मिमी गोठायला ३.२ मिनिटं लागतात. वेग ३ असेल तर रसाचा गाभा मेनिस्कसपासून (मोल्डमधल्या रसाच्या पातळीपासून) साडेनऊ मीटरपर्यंत असतो, ३.५ ला सव्वाअकरा मीटर, ४ ला पावणेतेरा. तुम्ही मेनिस्कस ते शिअर अंतर साडेअकरा मीटर कळवलंय. म्हणजे ३.५ ला तुम्ही काठावर आहात आणि ४ ला शिअर रसाच्या गाभ्यावर चालेल. रस बाहेर उडाला नाही तरी ब्लेडच्या दाबाने मध्यभागी चीर राहते, आणि तेच टोक रफिंगमध्ये मगरीच्या जबड्यासारखं उघडतं. ‘तोंड फाटतं’ ही तक्रार वेग वाढवलेल्या हीटांवरच आहे का, हे लॉगबुकात ताडून बघा.

दुसरी मर्यादा स्ट्रेटनरची, म्हणजे कमानीतून येणारी कांब सरळ करणाऱ्या रोलांची. ४ मीटर रेडियसची कमान साधारण ६.३ मीटरवर सरळ होते. ३ च्या वेगाला तिथे कवच ४० मिमी झालेलं असतं, आतला रस मध्यापासून दहाएक मिमीत. तिथे येणारा ताण ०.२३ टक्क्याच्या घरात. ३.५ ला तो ०.३ च्या वर जातो, आणि गंधक-फॉस्फरस जास्त असलेल्या आपल्या स्टीलला गोठण्याच्या सीमेवर एवढा ताण सोसत नाही. आत अर्ध्या जाडीवर बारीक भेगा पडतात. म्हणून वेग २.८ ते ३ ठेवा, त्यापुढे नको.

वेग ठेवा म्हटलं तरी ओपन स्ट्रीमला (उघड्या धारेने ओतताना) तो ठरवतं नोझल आणि टंडिशची (लॅडल आणि मोल्ड यांच्यामधल्या टाकीची) पातळी. टंडिशमध्ये ५०० मिमी रस आणि १६ मिमी झिरकोनिया नोझल असेल तर १०० चौरसला वेग तीनच्या जवळ येतो. पातळी ३०० वर आली की तोच वेग २.३ होतो, कारण धार पातळीच्या वर्गमुळावर चालते. बिलेट यायला दोन ऐवजी अडीच मिनिटांहून जास्त लागतात आणि मिल उपाशी राहते. उलट नोझल झिजून १७ झालं की धार १३ टक्क्यांनी वाढते. टंडिशवरच्या माणसाला रॉडने पातळी दर पाच मिनिटांनी बघायला सांगा, ४५० ते ५५० च्या बाहेर जाऊ देऊ नका. थेट रोलिंगमध्ये मिलचा वेग खरं म्हणजे हा माणूस ठरवतो, म्हणून त्याला रफिंगशी बोलायला वॉकीटॉकी हवाच.

रसाचं तापमान: कार्बन ०.२२, मँगनीज ०.६ च्या टीएमटी ग्रेडचा गोठणबिंदू १५१२ अंशांच्या आसपास येतो. टंडिशला १५४० ते १५५० ठेवा. १५३० खाली नोझल जमतं, १५६० वर कवच पातळ राहतं आणि मध्यभागी पाईप (पोकळी) वाढतो. पाईप असलेलं बिलेटही तोंडाशी फाटतं. प्रत्येक हीटला टंडिशमध्ये दोनदा डिप घ्या (तापमान मोजायची कांडी बुडवा), सुरुवातीनंतर पाच मिनिटांनी आणि मध्यावर. फक्त भट्टीतल्या तापमानावर विसंबू नका.

आता तिरक्या बिलेटांकडे, कारण थेट रोलिंगमध्ये सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. दोन कर्ण मोजा. १०० च्या बिलेटाला फरक ३ मिमीपर्यंत चालतो, ६ च्या वर गेला की ते बिलेट पहिल्या बॉक्स पासमध्ये उभं राहत नाही, कलंडतं, आणि तिसऱ्या पासला तुमचा कॉबल तयार. रिहीटिंग फर्नेसच्या रांगेत असं बिलेट लावताना डोळ्याला दिसतं. थेट टेबलावर हजार अंशांचं धावतं बिलेट कोण बघणार?

तिरकेपणा मोल्डच्या चार बाजू सारख्या थंड न होण्यातून येतो. तांब्याच्या ट्यूबभोवती जॅकेटची (पाण्याच्या आवरणाची) फट ४ मिमी असेल तर पाण्याचा वेग सेकंदाला ९ मीटर मिळायला १०५० लिटर प्रति मिनिट लागतात, फट ५ असेल तर १३००. तुमचा पंप आणि फट यांचा मेळ आहे का ते आधी बघा. मग ट्यूब जॅकेटमध्ये मध्यावर बसली आहे का हे फिलर गेजने चारही बाजूंना, वर-खाली तपासा. एका बाजूला ३ आणि समोर ५ मिमी फट असेल तर रसायन कितीही चांगलं असू द्या, बिलेट तिरकंच येणार. पाणी आत-बाहेर ६ ते ८ अंशांनी तापायला हवं. फरक १० च्या वर गेला तर पाणी कमी पडतंय. अचानक ४-५ वर आला आणि प्रवाह तोच असेल तर तांब्यावर थर बसला आहे किंवा कवच मोल्डला टेकत नाहीये.

थराचा मुद्दा आपल्याकडे विशेष आहे. सिन्नर पर्जन्यछायेतला तालुका. उन्हाळ्यात टँकर आणि बोअरवर वेळ मारून नेली जाते, आणि बसाल्टातलं बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमने जड असतं. असं पाणी मोल्ड सर्किटमध्ये गेलं की तांब्याच्या बाहेरच्या अंगावर पांढरा थर येतो. अर्धा मिमी थरही ट्यूबचं तापमान इतकं चढवतो की मेनिस्कसजवळ तिचा आकार बिघडतो. मोल्डचं सर्किट बंद ठेवा, सॉफ्टनरचं पाणी घ्या, हार्डनेस १० पीपीएमखाली राखा, रोज सकाळी टेस्ट किटने बघून लिहा. बोअरचं पाणी टाकायची वेळ आलीच तर स्प्रेला टाका, मोल्डला नाही. एप्रिल-मेमध्ये कूलिंग टॉवरच्या फिलमध्ये (आतल्या जाळीदार भरावात) धूळ साठते. मोल्डला जाणारं पाणी ३८ अंशांवर जाऊ लागलं की टॉवर धुवा.

ट्यूब बाहेर काढून टेपर (खाली अरुंद होत जाणारा उतार) मोजायचं गेज घाला. ८०० मिमी ट्यूबचा खालचा निम्मा भाग आधी झिजतो, विशेषतः कोपऱ्यांत. टेपर गेला की कवच मोल्डपासून सुटतं, एक कोपरा गरम राहतो, समोरचा थंड होतो. ‘अजून दोन हीट काढू’ म्हणून झिजलेली ट्यूब चालवणं हे थेट रोलिंगमध्ये सर्वांत महाग पडतं, कारण खराब बिलेट थांबवायला मध्ये कोणीच नाही. मोल्डच्या लगेच खालचे फूट रोलर मोल्डच्या रेषेत आहेत का हे टेम्प्लेटने दर ट्यूब बदलीला बघा. धार मोल्डच्या मध्यावरच पडायला हवी. १० मिमी सरकली तरी एका अंगाचं कवच पातळ राहतं.

ऑसिलेशन, म्हणजे मोल्डचं वर-खाली हलणं: स्ट्रोक ८ मिमी आणि मिनिटाला १२० फेरे असतील तर मोल्डचा सर्वाधिक वेग मिनिटाला ३ मीटरच भरतो, म्हणजे ३ च्या कास्टिंगला मोल्ड कवचाच्या पुढे कधी जातच नाही आणि कवच चिकटतं. फेरे १५०-१६० करा. मोल्डचं तेल चारही बाजूंना सारखं झिरपतंय का ते हीटआधी हाताने बघा. तेलात पाणी असेल तर बिलेटावर पिनहोल (बारीक भोकं) येतात.

दुय्यम कूलिंग (मोल्डखालचे पाण्याचे फवारे) थेट रोलिंगसाठी कमी करावं लागतं, पण सरसकट व्हॉल्व्ह पिळून नव्हे. मोल्डखालच्या पहिल्या झोनला हात लावू नका. कवच तिथे जेमतेम १० मिमी असतं. दुसऱ्या-तिसऱ्या झोनमध्ये पाणी उतरवत एकूण किलोमागे १ ते १.२ लिटरवरून ०.८ च्या आसपास या. स्ट्रेटनरवर पृष्ठभाग ९५० च्या वर हवा. ७०० ते ९०० च्या दरम्यान स्टील ठिसूळ वागतं आणि वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे सरळ करताना ओढ बसते, आडव्या भेगा पडतात. चारपैकी एका बाजूचं एक नोझल तुंबलं तरी ते बिलेट तिरकं होतं, म्हणून प्रत्येक सीक्वेन्सआधी (सलग ओतायच्या हीटांआधी) स्प्रे पाणी सोडून फवाऱ्यांचे पंखे डोळ्यांनी बघायचे.

रसायनाबद्दल एवढंच, पण कडक: इंडक्शन भट्टी फॉस्फरस-गंधक काढत नाही, जे स्क्रॅपमधून आलं ते सळईत जातं. अंबड-सातपूरच्या वाहन कारखान्यांचं शीटचं कात्रण उत्तम माल आहे. लेथचा चुरा कटिंग ऑइलसकट आला तर गंधक आणि गॅस दोन्ही आणतो, आणि मोटारीच्या वाइंडिंगचं तांबं मिसळलेलं भंगार सर्वांत वाईट. तांबं ०.३५ टक्क्यांवर गेलं की रोलिंगमध्ये पृष्ठभागावर जाळीदार भेगा येतात. एफई ५०० डी ग्रेडची सळई विकायची असेल तर आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०४० आणि मिळून ०.०७५ च्या आत, इलाँगेशन किमान १६ टक्के. तुमच्या १३ च्या सळया त्या नावाने जाऊच शकत नाहीत. सिंहस्थाच्या कामांसाठी मागणी कितीही असली तरी. मँगनीज-गंधकाचं प्रमाण १५ खाली नको, २० असेल तर कोपरे फाटत नाहीत. मँगनीज-सिलिकॉन तीनास एकच्या वर ठेवा, नाहीतर नोझलवर मळ जमतो. कार्बन ०.१० ते ०.१६ मध्ये अडकवू नका. त्या पट्ट्यात कवच आकसून मोल्डपासून सुटतं.

मिलच्या बाजूला दोन बदल. न थंडावलेल्या बिलेटाचे दाणे ओतीव आणि मोठे असतात, थंड होऊन पुन्हा तापताना जे बारीक होतात ते इथे होत नाहीत. म्हणून पहिल्या दोन पासला १८-२० टक्केच घट द्या, बाकीची पुढे वाटा. १०० चौरसपासून १२ मिमीपर्यंत क्षेत्रफळ ८८ पटींनी घटतं, १७ पासांत सरासरी २३ टक्के पडतात, त्यामुळे मागे जागा आहे. तापमान १०० अंशांनी उतरलं की रोलवरचा भार पाव ते तीस टक्क्यांनी चढतो. रफिंग मोटरच्या अँपिअरवर मर्यादा ठरवा आणि तिच्यावर गेलेलं बिलेट पुढच्या पासला न लावता बाहेर घ्या. रफिंगनंतर क्रॉप शिअरवर (टोकं छाटणाऱ्या कात्रीवर) तोंड १५० मिमी कापा. दुसरं, क्वेंचिंग बॉक्सच्या आधी पायरोमीटर (दुरून तापमान मोजणारं यंत्र) लावा आणि कूलिंग बेडवर दुसरा. बेडवर सळई परत लाल होऊन ५५० ते ६५० ला स्थिरावते. तोंड-शेपटात ३० अंशांहून जास्त फरक दिसला तर पाण्याशी खेळू नका, मागे हूडकडे जा. तोंड, मध्य, शेपूट असे तीन तुकडे घासून ५ टक्के नायटलमध्ये (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या द्रावणात) बुडवले की बाहेरची कडक रिंग किती जाड, किती सरकलेली ते पाच मिनिटांत कळतं.

इंडक्शन हीटर मग कधी? १०० अंश चढवायला टनामागे ३० युनिटच्या आसपास वीज, तुमच्या मिलच्या वेगाला साधारण ४५० किलोवॅट. तो सरासरी उचलतो आणि कोपऱ्यांना चांगला हात देतो. तोंडाला जास्त पॉवर, शेपटाला कमी अशी रचना असेल तर टोकांचा फरकही मिटवतो. पण तिरकं बिलेट कॉइलच्या अस्तराला घासतं आणि फाटकं तोंड आत अडकतं. हूड, वेग आणि मोल्ड जागेवर आल्यानंतरही रफिंगला ९५० मिळत नसेल तरच खरेदी करा.

वीज गेली तर काय, हे सुरू करण्याआधी ठरवा. मोल्डला वरच्या टाकीतून निदान १०-१५ मिनिटं आपोआप पाणी मिळायला हवं. डीजी (डिझेल जनरेटर) उठेपर्यंतची वेळ त्यात भागते. ब्रेकआउट झाला तर त्या स्ट्रँडची धार वळवा, मोल्डचं पाणी बंद करू नका, आणि स्प्रे चेंबरमध्ये साठलेल्या रसावर कोणी होज धरणार नाही याची सक्त ताकीद द्या. आणि थेट टेबलाच्या बाजूला कठडा हवा. कॉबल झाला की सळई कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही.

सुरुवात १६ मिमीवर, दिवसपाळीत, एकाच स्ट्रँडचा माल थेट लावून करा. प्रत्येक हीटला त्या स्ट्रँडचा ३०० मिमी तुकडा कापून थंड करा, कर्ण मोजा, आणि काप घासून निम्म्या पाण्याच्या हायड्रोक्लोरिक आम्लात ७०-८० अंशांना अर्धा तास ठेवा. मधला पाईप आणि अर्ध्या जाडीच्या भेगा उघड्या दिसतात. आम्लाचं काम धुरांड्याखाली, हातमोजे-चष्म्यासह. शिअर ते पहिला पास हा वेळ स्टॉपवॉचने प्रत्येक बिलेटाचा लिहा. सलग दहा हीट कर्णाचा फरक ४ मिमीच्या आत आणि वेळ ७५ सेकंदांच्या आत राहिला की १२ मिमीला या. ७५ च्या पुढे गेलेलं बिलेट निमूटपणे फर्नेसच्या चार्जिंग टेबलावर वळवता यावं म्हणून शिअर आणि रफिंगच्या मध्ये बिलेट बाजूला ढकलणारा एक पुशर किंवा किकऑफ आजच बसवून घ्या. तो नसेल तर रफिंगवाला गार बिलेटसुद्धा लावूनच बघतो.

अँगल मात्र निदान या हंगामात फर्नेसमधूनच काढा. अँगलच्या पासमध्ये बिलेटाचा कोपरा थेट कण्यात (दोन पात्यांच्या सांध्यात) जातो. कोपऱ्यावरची बारीक भेग टीएमटीच्या रिबमध्ये (सळईवरच्या उभारात) लपते, अँगलच्या कण्यावर मात्र लांब रेघ होऊन उठते, आणि मांडवाची तार ताणली की तिथूनच तो उघडतो.